प्लॅस्टिकच्या पोटातले पितळ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत विजेच्या प्रयोगांसाठी दोन उपकरणे नेहमी शेजारी शेजारी मांडलेली असतात. एक आहे काळ्या बेकलाइटच्या पेटीतला अमीटर. तो शाळेत केव्हा आला हे आज कोणालाच सांगता येत नाही. दुसरा आहे पिवळ्या प्लॅस्टिकच्या कवचातला मल्टिमीटर, जेमतेम चार वर्षांचा. मध्यंतरी मल्टिमीटरची बॅटरी संपली. मागचे चार स्क्रू काढले, नवी बॅटरी बसवली आणि स्क्रू परत आवळू लागलो, तर ते नुसतेच गोल गोल फिरत राहिले. एकही धरेना. आटे गेले होते. वर्षभरात दोन-तीनदाच उघडलेले ते उपकरण आम्ही शेवटी चिकटपट्टी गुंडाळून वापरू लागलो.

हे सारे पाहत असलेल्या नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, अमीटरचे स्क्रू तर आपण प्रत्येक तासाला सैल करतो आणि आवळतो. त्याचे आटे कसे जात नाहीत?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच तयार नव्हते. म्हणून आम्ही अमीटर उघडला. ज्या भोकांत स्क्रू जात होते, त्यांच्या कडेला सोनेरी रंगाची एकेक बारीक कडी दिसली. बेकलाइटच्या आत पितळेची छोटी नळी रुतवलेली होती आणि आटे पाडलेले होते ते त्या पितळेत. मल्टिमीटरच्या भोकांत मात्र स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्येच घुसवलेला होता. कारखान्यांत या पितळी नळीला ‘इन्सर्ट’ म्हणतात. बोटाच्या पेराएवढीही नसलेली ही वस्तू आपल्या कुकरच्या मुठीपासून मोटारीपर्यंत असंख्य ठिकाणी लपलेली असते. तिचा इतिहास शोधू लागलो तेव्हा लक्षात आले, की माणसाने नवनवे पदार्थ कसे घडवले आणि ते एकमेकांना कसे जोडले याचाच तो इतिहास आहे.

स्क्रू धरतो कसा?

आधी स्क्रूकडे नीट पाहू. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, हे आपण साध्या यंत्रांच्या धड्यात शिकवतो. पण आवळलेला स्क्रू सुटत का नाही? आवळताना स्क्रूचा दांडा अगदी किंचित ताणला जातो आणि ज्यात तो बसवला आहे तो पदार्थ किंचित दाबला जातो. ताणलेल्या रबराप्रमाणे हा ताण साठून राहतो. आट्यांच्या पृष्ठभागांवर त्यामुळे दाब येतो, घर्षण निर्माण होते आणि स्क्रू जागच्या जागी राहतो. साठलेला ताण संपला, की स्क्रू सैल झालाच.

प्लॅस्टिकची अडचण इथेच आहे. मल्टिमीटरच्या कवचासाठी वापरतात त्या एबीएससारख्या प्लॅस्टिकपेक्षा पितळ सुमारे चाळीस ते पन्नास पट ताठ असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे, सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक महिनोन्महिने हळूहळू सरकत राहते. काल घट्ट असलेला स्क्रू सहा महिन्यांनी सैल लागतो, मग आपण तो आणखी पिळतो आणि एके दिवशी प्लॅस्टिकचे मऊ आटे भुकटी होऊन बाहेर येतात. म्हणून उपाय असा, की आटे धातूत ठेवायचे आणि तो धातू प्लॅस्टिकमध्ये रोवायचा. मात्र या उपायाने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. आता स्क्रूऐवजी पितळेची नळी प्लॅस्टिकमध्ये घट्ट कशी बसवायची, हा नवा प्रश्न उभा राहतो.

लाख आणि तलवारीची मूठ

मऊ पडणाऱ्या पदार्थात धातू रोवून बसवण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. भारतीय तलवारींची मूठ आतून पोकळ असे. त्या पोकळीत लाखेचे मिश्रण भरत आणि पात्याचे निमुळते टोक तापवून त्यात खुपसत. उष्णतेने लाख वितळे, धातूच्या प्रत्येक खाचेत शिरे आणि थंड झाल्यावर पाते मुठीत पक्के बसे. मूठ बदलायची झाली, तर पुन्हा तापवून पाते काढता येई. चाकू-सुऱ्यांच्या मुठीही अशाच बसवल्या जात.

लाख हे एका छोट्या किड्याने बनवलेले नैसर्गिक प्लॅस्टिकच म्हणायला हरकत नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे राहतात आणि स्वतःभोवती लाखेचे कवच तयार करतात. लाख तापवली की मऊ होते, साच्यात दाबता येते आणि तिच्यातून वीज वाहत नाही. या शेवटच्या गुणाला तलवारीच्या काळात काही किंमत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मात्र तोच गुण सर्वांत मोलाचा ठरला.

विजेला हवे होते दोन्ही

विजेची उपकरणे बनू लागली तेव्हा कारागिरांपुढे पूर्वी कधी न आलेली मागणी आली. एकाच वस्तूचा एक भाग वीज वाहून नेणारा हवा आणि त्याला लागून असलेला दुसरा भाग वीज अडवणारा हवा. शिवाय तारा जोडायच्या तर स्क्रू हवेत, म्हणजे वीज अडवणाऱ्या भागावर धातूचे आटे पक्के बसवलेले हवेत. सुरुवातीला लाकूड वापरले गेले, पण ओलाव्याने लाकडातून वीज झिरपू लागते आणि लाकूड फुगते-आकसते.

चार्ल्स गुडइयर यांना रबर व गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर बनवण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळाले. त्यांचे बंधू नेल्सन गुडइयर यांनी गंधकाचे प्रमाण बरेच वाढवून कठीण, काळे रबर बनवले व १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. हेच एबोनाइट. ज्या शाळा-महाविद्यालयांत जुनी रोधपेटी अजून जपून ठेवलेली आहे, त्यांनी तिचे झाकण पाहावे. काळ्या एबोनाइटच्या फळीवर पितळेचे ठोकळे ओळीने बसवलेले दिसतील. ते वरून चिकटवलेले नसतात. फळीच्या खालून स्क्रू येतात आणि ठोकळ्यांतल्या आट्यांत आवळले जातात. एबोनाइटला भोक तेवढे पाडलेले असते. अर्थात आटे धातूत ठेवायचे, हा धडा कारागिरांनी तेव्हाच घेतला होता.

याच काळात आट्यांनाही शिस्त लागत होती. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटमध्ये बसत नसे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठेवून एक सर्वमान्य पद्धत सुचवली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांची पद्धत मांडली. आट्यांची मापे ठरली नसती, तर लाखोंच्या संख्येने एकसारखे इन्सर्ट बनवण्याला काही अर्थच उरला नसता.

बेकलाइट आले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचा प्रसार इतका वाढला, की लाख अपुरी पडू लागली. त्या वेळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जात असे. किडे, पाऊस आणि जंगलात राबणारी माणसे यांच्यावर तिचे उत्पादन अवलंबून होते. ते मनाला येईल तसे वाढवता येणे शक्य नव्हते.

बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलँड लाखेला पर्याय शोधत होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या अभिक्रियेतून चिवट राळ तयार होते, हे आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ साली नोंदवले होते. पण भांड्याला चिकटून बसणारी ती राळ कोणाला नकोशीच होती. बेकलँड यांनी उष्णता आणि दाब यांचा नीट मेळ घालून ही अभिक्रिया ताब्यात आणली. १९०७ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, फेब्रुवारी १९०९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत शोध जाहीर केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना पेटंट मिळाले.

बेकलाइट आणि लाख यांत एक मूलभूत फरक आहे. लाख मेणासारखी असते, तापवली की ती पुन्हा मऊ होते. बेकलाइट भाकरीसारखे असते. एकदा भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही, तसे साच्यात एकदा पक्के झालेले बेकलाइट पुन्हा वितळत नाही. त्याचे रेणू एकमेकांना आडवे-उभे जोडले जाऊन एकच जाळे तयार होते. त्यामुळे ‘आधी मूठ बनवा, मग तापलेले पाते खुपसा’ ही तलवारीची युक्ती इथे निरुपयोगी ठरली. धातू आत घालायचा तर बेकलाइट पक्के होण्याच्या आधीच घालायला हवा.

म्हणून कारखान्यांत अशी रीत पडली. पोलादी साचा उघडायचा. साच्यात बारीक खुंट्या असतात, त्यांवर पितळेच्या नळ्या अडकवायच्या. मग बेकलाइटची पूड घालून साचा बंद करायचा. सुमारे १५० ते १७० अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर दाब यांखाली पूड वितळते, नळ्यांभोवती पसरते आणि काही मिनिटांत कायमची घट्ट होते. वितळलेली राळ खुंटीच्या कडेने आट्यांत शिरली, तर ते आटे पुन्हा टॅप मारून साफ करावे लागत. म्हणून एका बाजूने बंद असलेल्या नळ्याही वापरात आल्या. विजेचे प्लग, बटणे, मोटारींच्या इंजिनात ठिणगी वाटून देणाऱ्या टोप्या, टेलिफोन आणि आमच्या प्रयोगशाळेतला तो अमीटर, या सर्वांच्या पोटात धातू गेला तो अशा मार्गाने.

उलटी धाव

पण कारखानदारांना लवकरच एक विचित्र अनुभव येऊ लागला. साच्यातून चांगला निघालेला भाग काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी, आपोआप तडकलेला आढळे. तडा नेमका पितळेपासून निघून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला असे.

याचे कारण समजून घ्यायला बैलगाडीच्या चाकाची आठवण उपयोगी पडेल. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती तापवतो. तापल्याने धाव मोठी होते, चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतल्यावर आकसून चाकाला करकचून आवळते. लोखंड ताण सहन करते, म्हणून हे जमते. प्रसरणाच्या धड्यात हे उदाहरण आपण नेहमी देतो.

इन्सर्टच्या बाबतीत चाकाच्या जागी पितळ आहे आणि धावेच्या जागी प्लॅस्टिक! एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी थंड केली, तर पितळ सुमारे १.९ मिलिमीटर आकसते. लाकडाचे पीठ मिसळलेले बेकलाइट सुमारे ३ ते ४.५ मिलिमीटर, एबीएस ७ ते १० मिलिमीटर आणि पॉलिथिन १० ते २० मिलिमीटर आकसते. म्हणजे साच्यातून बाहेर आलेले प्लॅस्टिक पितळेपेक्षा अधिक आकसू पाहते, पण मधले पितळ त्याला आकसू देत नाही. प्लॅस्टिकचे कडे कायमचे ताणलेल्या स्थितीत राहते.

हिशेब करून पाहू. एबीएसचा भाग गोठल्यानंतर ८० अंशांनी थंड झाला आणि त्याचे आकुंचन वरील पल्ल्याच्या मधले, म्हणजे ८ मिलिमीटर धरले, तर तो सुमारे ०.६४ टक्के आकसू पाहतो. पितळ मात्र सुमारे ०.१५ टक्केच आकसते. जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा हा फरक प्लॅस्टिकच्या कड्याला ताणून भरून काढावा लागतो. अर्धा टक्का ही रक्कम लहान वाटेल, पण पॉलिस्टायरीनसारख्या ठिसूळ प्लॅस्टिकला तेवढा ताण कायमचा सोसत नाही. त्यातच तेल किंवा साबणासारखे काही लागले, की तडा लवकर जातो. हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येईल.

तंत्रज्ञांनी यावर उपाय शोधले. बेकलाइटमध्ये लाकडाचे पीठ किंवा इतर तंतुमय पदार्थ मिसळले, की आकुंचन कमी होते आणि ठिसूळपणाही घटतो. पितळेच्या नळ्या साच्यात घालण्यापूर्वी तापवल्या, की दोघे बरोबरीने आकसतात. धारदार कोपऱ्यांशी ताण एकवटतो, म्हणून नळीच्या कडा गोल केल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पितळेभोवती प्लॅस्टिकची भिंत पुरेशी जाड ठेवली. बाहेरचा व्यास नळीच्या व्यासाच्या सुमारे दुप्पट असावा, असा ढोबळ नियम आजही वापरतात.

मेणबत्तीवर एक प्रयोग

पितळ नुसते प्लॅस्टिकच्या आवळण्याने टिकत नाही. इन्सर्टला बाहेरून खरबरीत रेघा आणि गोल खाचा असतात. लेथवर काम करणारे रेघा पाडण्याच्या या कामाला नर्लिंग म्हणतात. रेघा आणि खाचा या दोन्हींची गरज का असते, हे वर्गात दाखवता येते.

एक जाड मेणबत्ती घ्या. एक गुळगुळीत खिळा, एक आटेवाला स्क्रू आणि बारीक बोल्टवर टोकाला बसवलेला एक षट्कोनी नट, अशा तीन वस्तू घ्या. प्रत्येक वस्तू चिमट्यात धरून गरम करा, मेणात सुमारे एक सेंटिमीटर खुपसा आणि पूर्ण थंड होऊ द्या. नट मेणाच्या पृष्ठभागाच्या खाली जाईल असे पाहा. गरम वस्तू हाताळण्याचे काम शिक्षकांनीच करावे.

आता प्रत्येकाला दोरा बांधून ताणकाट्याने सरळ ओढा. गुळगुळीत खिळा सर्वांत आधी सुटून येईल. आटेवाला स्क्रू धरून राहील. मग दुसऱ्या मेणबत्तीत हीच तयारी करून वस्तू ओढण्याऐवजी फिरवून पाहा. ओढताना दाद न देणारा स्क्रू फिरवताच सरळ बाहेर येतो. नट मात्र आपल्या कोपऱ्यांमुळे फिरण्यालाही विरोध करतो.

इन्सर्टवर दोन संकटे येतात. एक ओढले जाण्याचे, दुसरे स्क्रू आवळताना त्याच्याबरोबर फिरण्याचे. आडव्या गोल खाचा पहिल्याला अडवतात, उभ्या रेघा दुसऱ्याला. म्हणून चांगल्या इन्सर्टवर दोन्ही असतात. मुलांनी निकाल आधी लिहून ठेवावेत आणि मग प्रयोग करावा, असे आम्ही सुचवू.

एका चुकीतून निघालेली वाट

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा मेणासारखे वितळणारे प्लॅस्टिक पुढे आले. पॉलिस्टायरीन, नायलॉन, एबीएस, पॉलिप्रॉपिलीन. वितळलेले प्लॅस्टिक पिचकारीसारखे साच्यात मारायचे आणि काही सेकंदांत भाग बाहेर काढायचा, अशी यंत्रे सर्वत्र आली. या वेगात पितळी नळ्या हाताने खुंट्यांवर अडकवणे परवडेना. यंत्र उघडे ठेवून कामगार नळ्या लावत असे तेवढ्या वेळात एक-दोन भाग निघाले असते. एखादी नळी खुंटीवरून घसरली आणि साचा बंद झाला, तर महागडा साचाच खराब होई.

उत्तर तलवारीच्या मुठीत होते. प्लॅस्टिक पुन्हा वितळत असेल, तर नळी नंतर का बसवू नये? भाग आधी बनवायचा, त्यात किंचित लहान भोक ठेवायचे आणि तापवलेली नळी त्यात दाबायची.

याच सुमारास आणखी एक वाट सापडली. अमेरिकेतील ब्रॅन्सन इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सोलॉफ काम करत. तिथे माणसाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे श्राव्यातीत कंपनांनी प्लॅस्टिकचे पातळ कागद जोडले जात. एकदा कंप पावणारी दांडी चुकून चिकटपट्टीच्या प्लॅस्टिकच्या डबीजवळ गेली आणि डबीचे दोन अर्धे भाग एकमेकांना जोडले गेले, असे सांगितले जाते. कंपने कठीण प्लॅस्टिकमधून प्रवास करून सांध्यापाशी उष्णता निर्माण करतात, हे सोलॉफ यांनी ओळखले. सोलॉफ आणि सेमूर लिन्स्ले यांना १९६५ साली त्याचे पेटंट मिळाले. ही कंपने सेकंदाला सुमारे २०,००० असतात आणि दांडी हलते ती काही शतांश मिलिमीटर. ती पितळेच्या नळीवर टेकवली, की नळी आणि प्लॅस्टिक जिथे घासतात तेवढ्याच जागी प्लॅस्टिक वितळते. नळी एखाद्या सेकंदात आत जाते आणि वितळलेले प्लॅस्टिक तिच्या रेघा-खाचांत भरून गोठते. बाकीचा भाग थंडच राहतो.

पितळच का? आणि ते बनते कुठे?

पोलाद अधिक मजबूत असूनही इन्सर्ट बहुधा पितळेचेच असतात. पितळ गंजत नाही. ते उष्णता चांगली वाहून नेते, म्हणून चटकन तापते व प्लॅस्टिकला सारखी उष्णता देते. आणि लेथवर ते फार झटपट कापले जाते. या झटपट कापण्यामागे मात्र एक खोच आहे. अशा पितळेत तांबे व जस्ताबरोबर सुमारे ३ टक्के शिसे असते. शिशाचे सूक्ष्म थेंब धातूत विखुरलेले असतात, त्यामुळे कापताना लांब वेटोळी न निघता छोटे तुकडे पडतात. शिसे विषारी आहे. विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारे युरोपीय नियम २००६ साली लागू झाले, तेव्हाही तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्के शिशापर्यंत सूट द्यावी लागली होती.

आपल्या देशात या कामाचे मोठे केंद्र आहे गुजरातमधील जामनगर. तिथे पितळी सुटे भाग बनवणारे हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. पितळेची भंगार गोळा होते, वितळते, तिच्या सळया निघतात आणि लेथवर त्या सळयांपासून नळ्या, पिना, स्क्रू तयार होतात. भट्टीत पितळ वितळवताना जस्ताची वाफ निघते आणि ती श्वासात गेल्यास कामगारांना थंडी-ताप येतो. म्हणजे एखाद्या गुळगुळीत उपकरणाच्या पोटातली नळी कोणाच्या तरी जुन्या नळाची किंवा भांड्याची पुढची पिढी असते, आणि तिची खरी किंमत भट्टीपाशी उभा असलेला माणूसही मोजत असतो.

उघडता येणाऱ्या वस्तू

अलीकडे मात्र अनेक वस्तूंतून इन्सर्ट नाहीसे होत आहेत. प्लॅस्टिकचेच आकडे एकमेकांत अडकवून किंवा गोंदाने चिकटवून कवच बंद केले जाते. असे केल्याने पैसे आणि वेळ वाचतो. पण ती वस्तू उघडायला गेले की आकडा मोडतो. बिघडलेली वस्तू दुरुस्त होत नाही, टाकली जाते. आमच्या मल्टिमीटरच्या निर्मात्याने स्क्रू तरी ठेवले होते, पण ते फार वेळा उघडायचे आहेत असे त्याने धरलेच नव्हते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पुनर्वापरात इन्सर्ट हा शत्रू ठरतो. धारावीसारख्या ठिकाणी जुने प्लॅस्टिक दळण्यापूर्वी कामगारांना हाताने फोडून त्यातला धातू वेगळा करावा लागतो. राहिलेला तुकडा दळणयंत्राची पाती मोडतो. ज्या घट्टपणामुळे वस्तू वीस वर्षे टिकते, त्याच घट्टपणामुळे ती शेवटी सुटी करणे अवघड होते. आमच्या मते तरीही वीस वर्षे टिकणे जास्त मोलाचे आहे, पण मुलांनी दोन्ही बाजू मांडून वाद घालावा असा हा विषय आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. म्हणजे हा प्रश्न आता कायद्यापर्यंत पोचला आहे.

गंमत अशी, की तापवलेली नळी प्लॅस्टिकमध्ये दाबण्याचे काम आता शाळांतही होऊ लागले आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून अनेक शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या, त्यांत त्रिमिती छपाईचे यंत्र असते. छापलेल्या प्लॅस्टिकच्या भागात स्क्रू थेट घातला तर थर सुटतात. म्हणून भोकावर पितळी इन्सर्ट ठेवून सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक त्यावर टेकवतात. नळी हळूहळू खाली जाते. शेवटी एखादी सपाट धातूची पट्टी वर दाबून तिला पृष्ठभागाच्या पातळीत आणतात. घाई करून जोर लावला, तर नळी तिरकी जाते. खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात, कारण तापलेल्या प्लॅस्टिकचा धूर चांगला नसतो.

आमच्या मल्टिमीटरचे आम्ही हेच केले. बॅटरी आणि आतली पट्टी काढून ठेवली, चारही भोके थोडी मोठी केली आणि चार छोटे इन्सर्ट बसवले. स्क्रू पुन्हा धरू लागले. दोन महिन्यांनी एका कोपऱ्यातला खांब उभा चिरला. बाकीचे तीन शाबूत होते. चिरलेल्या खांबाची भिंत बाकीच्यांपेक्षा पातळ होती, हे पहिला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच पट्टीने मोजून दाखवले आणि म्हणाली, “बाई, इथली धाव बारीक पडली.”

तीन स्क्रूंवर मल्टिमीटर उत्तम चालू आहे. गरज पडली की आम्ही तो उघडतो.